शाकाहारी दामले काकांचं ट्राउटचं लायसन

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण त्यातला मानाचा हा: मी आठ माणसांना ट्राउटच्या कालवणाचं आमंत्रण दिलं, तेव्हा सगळे ट्राउट अजून नदीत पोहत होते. बाजारात तुरी म्हणतात, तर माझ्या तुरी पेनसिल्व्हेनियातल्या एका थंडगार ओढ्यात होत्या, आणि त्या आणायला जाणारा माणूस कट्टर शाकाहारी होता. हे दोन्ही मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी नारळ फोडला.

तो शाकाहारी माणूस म्हणजे आमचे दामले काका. ऐंशीच्या दशकात सतीश, म्हणजे माझा नवरा, तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता, आणि आमच्या खालच्याच अपार्टमेंटमध्ये हे राहायचे. काँक्रीटच्या लॅबमध्ये नोकरीला. पन्नाशी उलटलेली, अंगकाठी छत्रीसारखी, आणि डोक्यावर हिरवी टोपी. त्या टोपीवर पिनेने टोचलेलं मासेमारीचं लायसन. लायसन बाहेरून दिसेल असं लावायचं, हा तिथला नियमच होता. पण नियम नदीपुरता. काका ते लावून किराणा आणायचे, लाँड्रीत जायचे, एकदा तर आमच्या सत्यनारायणाला तसेच आले. तीर्थ घ्यायला वाकले आणि लायसन थेट पंचामृतात. सगळे हसले. काकांनी ते रुमालाने पुसलं, खिडकीशी नेऊन उजेडात वाचलं आणि परत येऊन म्हणाले, "वैध आहे."

दर वर्षी सरकार मासेमारीच्या नियमांची एक बारीक अक्षरांची पुस्तिका काढायचं. लोक ती गाडीच्या खणात टाकून विसरायचे. काकांची तोंडपाठ. सीझन कधी उघडतो, कुठल्या ओढ्यात आमिष चालतं, कुठे नुसती पिसांची खोटी माशी बांधायची, कुठे धरलेला मासा तिथल्या तिथे सोडून द्यायचा, किती इंचांखालचा परत पाण्यात, माणशी किती धरायचे, सगळं. आणि एवढ्यावर थांबतील तर ते दामले काका कसले! जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच पुस्तिकेने मोजायचे. माझी पहिली करंजी हातात घेऊन त्यांनी खिशातली टेप काढली. "मिसेस सामंत, ही अंडरसाईज आहे. सोडून द्या." आणि करंजी ताटात परत! महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात कुणी तिसऱ्यांदा श्रीखंड घेतलं की मागून आवाज यायचा, "लिमिट!" एकविसाव्या वर्षी लग्न करायला निघालेल्या एका पोरालाही त्यांनी आपादमस्तक न्याहाळून 'अंडरसाईज' ठरवलं होतं.

नवीन विद्यार्थी आले की काका त्यांना हार्डवेअरच्या दुकानात नेऊन रांगेत उभं करायचे आणि लायसनं काढायला लावायचे. एकदा एक जण म्हणाला, "काका, यार, जंगलात बघतंय कोण?"

"मी," काका म्हणाले.

मालतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, आम्ही यायच्या आदल्या वर्षी वारल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण मंडळातल्या बायकांनी काकांचं एकटेपण वाटून घेतलं होतं. सोमवारी हिचा डबा, गुरुवारी तिचा, आणि डब्याबरोबर न चुकता, "काका, एकटे कसे हो राहता?" कुणाची तरी पुण्यातली विधवा मावसबहीण डब्याच्या झाकणासारखी दर वेळी सोबत यायची. काका म्हणायचे, "सध्या सीझन बंद आहे," आणि दार लावून घ्यायचे. पुढे ते दर शनिवारी रॉड घेऊन नदीवर जायला लागले, तेव्हा मंडळाला परमानंद झाला. दामल्यांच्या घरात मासे! इतकं चविष्ट पाप आमच्या गावात बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं. डबे बंद झाले.

आता त्या वेळची मी. तेवीस वर्षांची, वेंगुर्ल्याची, होम सायन्सची पदवीधर, आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री. अमेरिकेत आल्यावर पहिला धक्का बसला तो सुपरमार्केटात. मासा चौकोनी! त्याला डोकं नाही, शेपूट नाही, पांढरा, कडक. तळायचा की अंगाला लावायचा, कळेना. आईने माशांच्या कालवणासाठी पावडरच्या डब्यात घालून दिलेली तिरफळं मी अधूनमधून नुसती हुंगायची. त्यामुळे एप्रिलमध्ये जिन्यात काका रॉड पुसताना दिसले, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"काका, शनिवारी जाणार ना?"

"शनिवारी सीझन उघडतो. सकाळी आठाला. त्याआधी दोर पाण्यात पडला तर दंड."

"आणि मासे?"

"माणशी आठ. सात इंचांखालचा परत पाण्यात."

"मग आम्हाला द्याल?"

काकांनी विचार केला. "धरलेला मासा दुसऱ्याला द्यायला बंदी नाही. विकायला आहे."

या सगळ्या बोलण्यात 'मी मासे धरतो' असं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नव्हतं, हे कुठल्याही शहाण्या बाईच्या लक्षात आलं असतं. मी जिना चढेपर्यंत माझं आमंत्रण ठरलंसुद्धा. आठ मासे, आठ पाहुणे. तासाभराच्या अंतरावरचे डॉक्टर प्रधान, त्यांची बायको आणि दोन मुलं, दोन अविवाहित विद्यार्थी, आणि सतीशचे गाईड सपत्नीक. या गाईडच्या मर्जीवर सतीशची डिग्री लोंबकळत होती. डॉक्टर तर फोनवर गहिवरलेच. "वहिनी, डोक्यासकट मासा बघून वर्षं झाली हो!"

"अगं, पण काका आणतीलच कशावरून?" सतीश म्हणाला.

"त्यांच्याकडे लायसन आहे," मी म्हटलं. "तुझ्याकडे आहे?"

शनिवारी मी काकांच्या गाडीत बसून नदीवर गेले. बरोबर कपड्यांची लाल बादली. थंडी अशी की दात वाजत होते, आणि काठावर ही गर्दी! आमच्याकडे रेशनला उभे राहतात तसे खांद्याला खांदा लावून उभे, पण कुणी पुढे घुसत नव्हतं. सगळे गप्प, सगळ्यांचे डोळे घड्याळावर. आठ वाजले आणि एका दमात सगळे दोर पाण्यात पडले. एवढा शिस्तशीर हावरटपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

आमच्या शेजारी रे नावाचा दाढीवाला ट्रक ड्रायव्हर होता. त्याला पहिला मासा लागला, मग दुसरा. पलीकडच्या म्हातारीला लागला. एका शाळकरी पोरीलाही लागला. काकांना काही नाही. काका पाण्याकडे बघत शांत उभे. मी मात्र दर पाच मिनिटांनी बादलीत डोकावत होते, जणू मासा मागच्या दाराने येणार होता.

"काका, जागा बदलू या का?"

"इथे बरं आहे."

"जरा लांब फेका ना!"

"मिसेस सामंत, नदीवर मोठ्याने बोलू नये."

"असं पुस्तिकेत आहे?"

"नाही. पण असायला हवं."

असे दोन तास गेले. मग त्यांचा दोर माझ्या डोक्यावरच्या फांदीत अडकला. "हात लावू नका, तुम्हाला लायसन नाही," असं ते म्हणेपर्यंत मी तो ओढून हातात घेतलासुद्धा. टोकाला पिसांची छोटी माशी होती. तिच्याखालचा लोखंडी गळ कुणीतरी पकडीने मुळापासून कापून टाकला होता.

वेंगुर्ल्याच्या मुलीला गळ कळतो. दुकानदाराने आमच्या भोळ्या काकांना फसवून मोडका माल विकला, अशी माझी तत्क्षणी खात्री झाली.

"अहो काका, याला गळच नाही!" मी ओरडले. मराठीत ओरडले होते, तेवढ्यावर राहिले असते तर निभावलं असतं. पण गोऱ्यांनाही या फसवणुकीची दखल घेता यावी म्हणून मी ती माशी उंच धरली आणि नव्या कोऱ्या इंग्रजीत दवंडी पिटली, "नो हुक! ही हॅज नो हुक!"

सगळा काठ आमच्याकडे वळला. लायसनं तपासत फिरणारा सरकारी माणूस होता, तोही आला. त्याने माशी पाहिली, काकांच्या टोपीवरचं लायसन पाहिलं, मग पुन्हा माशी पाहिली.

"सर, गळ नसेल तर तुम्हाला लायसनची गरज नाही. उगाच कशाला पैसे घालवता?"

"गरज नसलेल्याने घेऊ नये, असं कुठं छापलेलं नाही," काका म्हणाले. आवाज ताठ होता. कान मात्र लालबुंद.

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. काका मान खाली घालून दोर गुंडाळू लागले. आणि मग मला उमगलं की या माणसाने आजवर एकही मासा धरलेला नाही, धरायचाच नव्हता, आणि संध्याकाळी माझ्याकडे आठ माणसं जेवायला येताहेत. मी रडायला लागले. काकांसाठी रडले असते तर आज नातवंडांना सांगायला बरं वाटलं असतं. मी कालवणासाठी रडले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. ज्या माणसाने कधी शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागितली नव्हती तो माणूस टोपी काढून त्या रेच्या समोर जाऊन उभा राहिला.

"या बाईंच्या घरी आज आठ पाहुणे आहेत," काका म्हणाले. "आणि चूक माझी आहे. मी त्यांना फक्त नियम सांगितले."

रेने पाच मासे बादलीत टाकले. मग म्हातारीने दोन, मग त्या पोरीने आपला एक. प्रत्येक मासा काकांनी श्वास रोखून, डोळे अर्धे मिटून टेपने मोजला. रेने नववा पुढे केला तेव्हा बादली मागे ओढून म्हणाले, "लिमिट." परतताना त्या गारठ्यात चारी खिडक्या उघड्या, काकांच्या नाकाला रुमाल, आणि मागच्या सीटवर बादलीला सीटबेल्ट.

जेवण झकास झालं. डॉक्टर प्रधानांनी डोकी चोखताना डोळे मिटले. गाईडने घामाघूम होऊन आणखी भात मागितला. आणि मला एवढा चेव आला की सगळ्यांना हसवायला मी नदीवरची गोष्ट सांगितली. साभिनय. माशी उंच धरली तीसुद्धा.

बुधवारपर्यंत ती गोष्ट प्रत्येक मराठी फोनमधून फिरून आली. परत आली तेव्हा तिला शेपूट फुटलं होतं: दामल्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. बिचारे. बायको गेल्यापासून. डबे पुन्हा सुरू झाले. सोमवारी हिचा, गुरुवारी तिचा, "काका, एकटे कसे हो राहता?" मी वरून ऐकत होते. पुढच्या शनिवारी काकांची गाडी जागची हलली नाही. त्या टोपीचं दर्शनही आठवडाभर कुणाला झालं नाही. मासे मिळाले नाहीत तर माझी फजिती होणार होती, एवढीच. इथे मी एका माणसाची नदी घालवून बसले होते. पहिल्यांदाच मला भूक लागेना.

त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी सतीशला झोपेतून उठवून मागोमाग गाडी काढायला लावली.

काका त्याच जागी उभे होते. टोपी, लायसन, रॉड, सगळं जागच्या जागी. मी झाडाशीच थांबले. खालच्या अंगाने रे पाणी तुडवत वर येत होता. याने सगळं पाहिलेलं. त्याला गळाचं ठाऊक. आता हा काहीतरी थट्टा करणार. तो काकांशेजारी थांबला, पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, "काही लागलं का?"

"आज नाही," काका म्हणाले.

"लागेल," रे म्हणाला आणि पुढे गेला.

मी जाऊन काकांच्या बाजूच्या दगडावर बसले. माफी मागायची चार वाक्यं गाडीत पाठ केली होती. ती सगळी टाकून म्हटलं, "काका, मी मूर्ख आहे. पण मासा नकोच तर हे सगळं कशाला?"

त्यांनी दोर गुंडाळून पुन्हा हलकेच पाण्यात टाकला. मग म्हणाले,

"मालती गेल्यावर मी इथे नुसताच येऊन बसायचो, मिसेस सामंत. नुसता बसलेला माणूस दिसला की लोक जवळ येऊन विचारतात, काय झालं? हातात रॉड असला की विचारतात, काही लागलं का? या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं."