तो मधला आडवा येतो

किसनअण्णांना कुठल्याही पिक्चरचा हिरो कोण, ते विचारू नका. त्यांना माहीत नसतं. दर शुक्रवारी मंचरला दुपारच्या खेळाला जाणारा, एकही नवा पिक्चर न चुकवणारा हा आमच्या कळंबचा सत्तरी ओलांडलेला माणूस हिरोला नुसतं ‘तो मधला’ म्हणतो. तेही कौतुकानं नाही.

“मधला बरा व्हता,” अण्णा सांगतात, “पण सारखा आडवा येतो राव. मागचं काय दिसूच देत न्हाई.”

मागचं म्हणजे गर्दी. वरातीत नाचणारे, बाजारात भाजी निवडणारे, दंगलीत पळणारे, कोर्टात बाकावर बसून माना हलवणारे. अण्णांच्या लेखी पिक्चर म्हणजे ही माणसं. बाकीची गोष्ट त्यांच्यामध्ये उगीच घुसडलेली असते.

आम्हा पिक्चरवेड्यांची बैठक शनिवारी सकाळी मंदाताईच्या चहाच्या टपरीवर भरते. बायपास झाल्यापासून जुन्या रस्त्यावरची वर्दळ गेली, मंदाताईचा धंदा बसला आणि आम्हाला बाक मोकळं मिळालं. मी मूळचा येडगावचा, इथं पंपाच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय. दुसरा सुनील, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचा टेम्पो नेणारा. मंदाताई दूध उतू जाऊ न देता फोनवर अख्खा पिक्चर बघते आणि आपलंच मत शेवटचं मानते. आणि चौथे अण्णा.

एकदा सुनील एका पिक्चरचा शेवट सांगता सांगता रडवेला झाला. हिरोची आई गेलेली, हिरो चितेपाशी एकटाच बसलेला. मलाही भरून यायला लागलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, “मयताला आलेल्यात एक जण हासत व्हता. डाव्या अंगाला, निळ्या सदऱ्याचा. मयताला येऊन हासतो व्हय? त्याला परत बोलवू नये.”

सुनीलचं रडू जागच्या जागी आटलं.

“अण्णा, आई मेली हो त्याची!”

“मेली ना. म्हनून तर म्हनतो, हासू नये.”

पडद्यावर एखाद्याचा नुसता चेहरा मोठा करून दाखवला की अण्णा चुळबुळ करतात. “तोंडं कसली दाखवताय? जत्रा दाखवा!” असं एकदा ते भर थिएटरात ओरडले होते. निवडणुकीची सभा, लग्न, रेल्वे स्टेशन असं काही आलं की मात्र पाठ ताठ करून पुढच्या खुर्चीला धरून बसतात. पिक्चर संपल्यावर नावं वर सरकू लागली की झाडणारा येऊन उभा राहतो, तरी हे हलत नाहीत. सगळी नावं गेल्यावर म्हणतात, “येवढी नावं, पन गर्दीचं एकबी न्हाई.”

मला पिक्चरमधलं कळतं, अशी माझी समजूत आहे. म्हणून मागं एक लई नावाजलेला पिक्चर लागला तेव्हा मी अण्णांना मुद्दाम सोबत नेलं. एक नवरा, एक बायको, एक खोली. दोघं बोलतात, भांडतात, गप्प बसतात. मी भारावून बघत होतो. अर्ध्या तासात अण्णांनी मला कोपरानं ढोसलं.

“गर्दी कवा येनार?”

“यात गर्दी नाही अण्णा. दोघांचाच पिक्चर आहे.”

“दोघं तर आमच्या घरातबी हायती,” म्हणत ते उठले आणि बाहेर जाऊन वडापावच्या रांगेतली माणसं बघत बसले.

संध्याकाळी मी त्यांना मोटारसायकलवरून घरी सोडलं. शनिवारी टपरीवर सांगायला हा किस्सा कसा रंगवायचा, याचीच जुळवाजुळव माझ्या डोक्यात चालली होती. दारात पारूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, उभी होती. अण्णा गाडीवरून पुरते उतरलेही नव्हते, तोच तिनं विचारलं, “दिसला का?”

“न्हाई. आज दोनच मानसं व्हती.”

“बरं,” काकू म्हणाली. “भाकरी टाकते.”

दोघं हे इतक्या सवयीनं बोलली की मला विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी मंदाताईला गाठलं. तिनं स्टोव्ह बारीक केला.

“तुमाला ठावं न्हाई? विलास. अण्णांचा एकुलता एक.”

विलासला जत्रेतल्या नाटकात शिपायाचं काम मिळालं होतं. एकच वाक्य, पण गाव हसलं, टाळ्या पडल्या. पोराच्या डोक्यात शिरलं की आपण मुंबईला जायचं, सिनेमात काम करायचं. अण्णांनी ऐन जेवणात त्याला सुनावलं, ‘तुजं थोबाड बघाया तिकीट कोन काढंल?’ पोरगं ताटावरून उठलं आणि पहाटे भाजीच्या गाडीत बसून गेलं. पुढे कुणीतरी सांगत आलं की विलास शूटिंगला असतो, गर्दीत उभा करतात त्याला. तेवढंच. नंतर काहीच नाही. अण्णा मुंबईला जाऊन हात हलवत परत आले, आणि मग तिकिटं काढायला लागले.

“नुसतं दिसला तरी बास, म्हनत्यात,” मंदाताई म्हणाली. “हाय, येवढं कळलं तरी बास.”

किस्सा सांगायचा राहूनच गेला. कित्येक शनिवार आम्ही त्या माणसाच्या मतांवर पोट धरून हसलो होतो, ते आठवून मला चहा गोड लागेना.

मग सुनीलच्या डोक्यात एक कल्पना आली. जत्रेचं मोठं गाणं असलेला एक पिक्चर फोनवर आला होता. त्यानं तो टपरीवर लावला आणि गर्दी आली तिथं बोटानं थांबवला. अण्णा चकितच झाले.

“आरं, मधल्याला थांबवता येतं व्हय?”

“येतं की. आन मागची मानसं मोठी करून बगा.” सुनीलनं बोटं फाकवली. मागचे चेहरे जवळ आले. अण्णा फोनवर असे वाकले की नाक काचेला टेकलं.

“विलासचा फोटू हाय का अण्णा? ताडून बगू.”

बंडीच्या आतल्या खिशातून अण्णांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. मिसरूड फुटलेला, भांग पाडलेला, हसू दाबत उभा असलेला पोरगा. मंदाताईनं पदराला हात पुसून तो घेतला.

“आगं बया, आस्साच व्हता! वर्गात माज्या मागं बसायचा. येनीला खडू फासायचा.”

“तुज्या वर्गात?” अण्णा म्हणाले.

“मंग? एकाच वर्गात व्हतो आमी.”

अण्णा तिच्याकडे बघू लागले. रोज बघत होते, पण आज वेगळं बघत होते. कपाळावर चढवलेला चष्मा, पांढरा झालेला भांग. टपरीमागे झोळीत निजलेलं बाळ होतं, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं.

“मंदे, ही तुजी नात न्हवं?”

“व्हय. लेकीची.”

अण्णांनी फोटो परत घेतला, उलटसुलट केला. सुनीलच्या फोनवर ती जत्रा तशीच थांबलेली होती.

“मी पोरगं हुडकीत व्हतो गं,” ते म्हणाले. “बारीक मिशीची पोरं तेवढी बघायचो. टक्कल पडल्यालं, पोट सुटल्यालं कुनी आलं की म्हनायचो, ह्ये न्हाई. सोडून द्यायचो.” त्यांनी फोटो पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. “गेला आसंल की समोरनं. कितींदा गेला आसंल.”

मंदाताईनं चहा पुढे केला, तो तसाच निवला. मला अतोनात वाईट वाटलं, ते त्या सगळ्या शुक्रवारांचं. एवढं जीव लावून बघितलं आणि बघायचं तेच राहिलं.

त्यानंतर अण्णा बैठकीला आले नाहीत, पिक्चरलाही गेले नाहीत. आम्ही नव्या पिक्चरवर भांडायचो, पण त्यात दम नसायचा. मयताच्या सीनमध्ये कोण हसलं, हे सांगायला कुणी नव्हतं.

मग एका शुक्रवारी दुपारी एसटीच्या थांब्यावर अण्णा दिसले. शेजारी पारूकाकू, घडीचं लुगडं नेसून. काकू जन्मात कधी थिएटरात गेली नव्हती.

“हिला घेऊन चाललोय,” अण्णा जरा ओशाळून म्हणाले. “माजी नजर आता धोका देती. आईला वळखू येईल.”

सुनील आणि मी काम टाकून मागोमाग गेलो आणि त्यांच्या मागच्याच रांगेत बसलो. दिवे गेले तशी काकूनं अण्णांची बाही घट्ट धरली. पिक्चर कसा होता, ते मला आज सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मध्यंतराआधी निवडणुकीची मोठी सभा आली, पडदाभर माणसंच माणसं.

“आगं बाई, येवढी?” काकू पुटपुटली. “त्यातला कंचा बगू?”

“तू टकलं बग,” अण्णा म्हणाले. “मी चष्मेवाले बगतो.”

“चष्मा लागला आसंल व्हय त्याला?”

“लागला आसंल. मंदीला लागलाय.”

तेवढ्यात भाषण ठोकायला तो मधला नेमका समोर येऊन उभा राहिला. दोघा म्हाताऱ्यांनी एकदमच माना वाकड्या केल्या, त्याच्या मागचं दिसावं म्हणून. शेजारी सुनीलनं केली. मग मीही केली.