सबनीसकाकूंची बिघडलेली कॅम्पर

सबनीसकाकूंकडे गेलात तर चहा घरात मिळत नाही. घर चांगलं दुमजली आहे, इंदिरा नगरात कुणालाही हेवा वाटावा असं. पण काकू तुम्हाला फाटकातच अडवतात, कोपराला धरून वळवतात आणि दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कॅम्पर व्हॅनमध्ये चढवतात. चढताना डोकं आपटतं. "ओरडा मोठ्यानं, लाजू नका," काकू म्हणतात.

आत एक पलंग, एक शेगडी, घडीचं टेबल आणि खिडक्यांना चौक बाजारातून आणलेले चिकनकारी भरतकामाचे पडदे. छप्पर वर उचलता येतं, असं म्हणतात. निदान गाडी नवीन आली तेव्हा तरी ते उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं.

चहाबरोबर व्याख्यान ठरलेलं. "या गाड्यांची तीन युगं," काकू सांगतात. "पहिलं छपराचं. बैलगाडीवर छप्पर टाकलं की झालं घर. परदेशात घोडे जुंपायचे, एवढाच फरक. मोटारी आल्यावर लोक मोटारीमागे चाकांची खोली बांधून ओढायला लागले. दुसरं युग चुलीचं. कुणाच्या तरी डोक्यात आलं, खोली ओढायची कशाला? सामान वाहायची व्हॅनच घ्या, आत चूल मांडा, पलंग टाका! ही आपली त्यातली. आणि तिसरं मोरीचं. गाडीत मोरी शिरली आणि सगळं बिघडलं. आता टीव्ही काय, एसी काय! त्यापेक्षा माणसानं घरी बसावं."

घरी बसण्याचा विषय निघाला की काकूंची नजर वरच्या खिडकीकडे जायची. तिथे सबनीसकाका बसलेले असत. त्यांनी उभा जन्म हवाई दलाच्या विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात घालवला. निवृत्त झाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. फाटकाबाहेर पाऊल नाही, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला येणं नाही. बोलणं 'हं', 'नको' आणि 'ठेव' यावर आलेलं. "घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाच," काकू सगळ्यांदेखत सांगायच्या. "मला वेड लागेल हो एक दिवस."

अशा नवऱ्याला खिडकीत सोडून ही बाई फिरायची गाडी घेते, याचा मला खरं तर रागच आला होता. आणि ती बघायला काकू शहराबाहेर चिनहटला गेल्या माझ्याच स्कूटरवरून, हे त्याहून वाईट.

भंगारवाल्या शकीलभाईंच्या आवारात गाडी उभी होती. फार पूर्वी कुणी परदेशी जोडपं ती चालवत इकडे आलं आणि ती इथेच टाकून विमानानं परत गेलं, अशी तिची कुळकथा. शकीलभाई दोष झाकायला बघत होते, तर काकू ते खोदून खोदून बाहेर काढत होत्या.

"और क्या ख़राब है, भैया?"

"बस, ज़रा ब्रेक देखना पड़ेगा, मैडम."

"और इंजन?"

"इंजन तो... अब आपसे क्या छुपाना, बैठ गया है."

"अरे वा!" काकू म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. त्यांना पटल्यासारखं दिसलं. निघताना आपण 'येते हं' म्हणतो, ते त्यांनी सरळ हिंदीत केलं, "अच्छा भैया, आती हूँ." बिचारे शकीलभाई! मॅडम आत्ता परत येतील म्हणून त्यांनी दुसरं गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि संध्याकाळी फोन केला, "मैडम, हम तो आपकी राह ही देखते रह गए." काकू काकांना म्हणाल्या, "आता काय करू? शब्द देऊन बसले." फौजी माणूस शब्दापुढे काय बोलणार? 'हं' म्हणाले. गाडी क्रेनला लटकून घरी आली.

मग आम्हा पाहुण्यांचा छळ सुरू झाला. चहा संपला की काकू बॉनेट उघडून विचारायच्या, "काय बिघडलं असेल हो?" काही बोललं की कानामागे हात धरायच्या. "जरा मोठ्यानं! मला हल्ली कमी ऐकू येतं." सगळी कॉलनी त्या इंजिनाबद्दल ओरडून ओरडून अज्ञान प्रकट करायची.

एका रविवारी माझी पाळी आली. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी अधिकारवाणीनं ओरडलो, "इंजिन कामातून गेलंय, काकू! काढून टाका भंगारात!"

"गेलेलं नाही!"

आवाज वरून आला. काका खिडकीत उभे होते. "कार्ब्युरेटर उघडून पाहिलात? नाही ना? मग तोंडही उघडू नका!" आणि बनियन-पायजम्यावर ते खाली उतरले, मला ढकलून त्यांनी इंजिनात डोकं खुपसलं. काकू जणू काही घडलंच नाही अशा चहा गाळत होत्या. फक्त अर्धा चहा कपाबाहेर सांडत होता.

त्यानंतर काका थांबलेच नाहीत. पार्ट शोधत गावभर हिंडले, शकीलभाईंशी फोनवर तासन् तास भांडले, छप्पर उचललं, ब्रेक नवे बसवले. काकूंचं व्याख्यानही बळकावलं आणि चुलीच्या युगाला इंजिनाचं युग म्हणू लागले. गेल्या आठवड्यात गाडी सुरू झाली. गल्लीभर धूर. काका त्या धुरातूनच ओरडले, "चल, नैनितालला जाऊ!"

काकूंचा चेहरा पडला. संध्याकाळी त्या माझ्याकडे लिंबं मागायला आल्या.

"मला गाडी लागते हो. इथल्या इथे बाराबंकीपर्यंत धड जाता येत नाही, घाट कुठला!"

"मग घेतलीत कशाला?"

"ती सुरू होईल असं कुठे वाटलं होतं? यांच्या नजरेसमोर काहीतरी बिघडलेलं हवं होतं मला. धडक्या वस्तूकडे हे बघतसुद्धा नाहीत."

"आणि ते 'आती हूँ'?"

"इतकी वर्षं हिंदीत भाजी घेतेय, मला अर्थ कळत नाही होय? घेऊ का विचारलं असतं तर 'नको' म्हणाले असते."

"पण गाडी लागते, हे काकांना सांगा की."

"माहीत होतं त्यांना. आनंदात विसरलेत. मी कशाला आठवण करून देऊ?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "स्वतःहून 'चल' म्हणालेत हो ते मला."

काल सकाळी दोघं निघाले. काका तिसऱ्या गिअरबद्दल काहीतरी तावातावानं सांगत होते. मी हात हलवला, पण काकूंना हलवता आला नाही. त्यांच्या एका हातात लिंबू होतं आणि दुसऱ्यात काकांची बाही.