देव्हाऱ्यातला तिबेरियस

रोमन चांदीचं नाणं असली की नकली, हे मी बाळाला पाजता पाजता सांगू शकते! अख्ख्या मच्छे गावात असा दावा करणारी मी एकटीच. विद्या सासऱ्यांची. आप्पांनी तीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचे भरले, तिथली धूळ छातीत भरून घेतली आणि शेवटची दोन वर्षं खाटेवर बसून मला नाणी शिकवली.

"तोंडावर जाऊ नको गं, कड बघ. असली नाणं ठोकून करत्यात. ओतीव असलं की कडंला सांधा ऱ्हातोय."

त्यांचं लाडकं नाणं रोमच्या तिबेरियस बादशहाचं. नाणं काळपट, त्यावरचा राजा पोपटनाक्या.

"आप्पा, ह्यो राजा लई खडूस दिसतोय!"

"त्येच्या बायकोला इचार," आप्पा खोकत खोकत हसले.

मार्गशीर्षात आप्पा गेले. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात बसवायचा, ही आमच्या घरची रीत. तेराव्याला सासूबाईंनी तिबेरियसच उचलला आणि खंडोबाशेजारी बसवला!

"आत्ती, त्यो रोमचा राजा हाय!"

"असू दे. ह्योच टाक."

रोज दूध, रोज हळद-कुंकू! आप्पांची एवढीच खूण, तीही डोळ्यांदेखत खराब होणार. माझा तान्हा समर्थ झोपल्यावर मी निपाणीच्या नागेंद्र सरांना फोन केला. नाण्यांचे जाणकार. त्यांनी समजावलं, तर आत्ती ऐकतील.

पाहुणा येणार म्हणताच आत्तींनी चिंच घेतली आणि नाणं असं घासलं, की दोन हजार वर्षांचा काळेपणा मोरीत! मी रडायला लागले. कडेवरचा समर्थ मला बघून रडायला लागला!

सरांनी भिंग लावलं. कड फिरवली. पुन्हा फिरवली.

"ताई, हे ओतीव आहे. सांधा बघा, आता स्वच्छ दिसतोय. आणि हा तिबेरियस नव्हे."

कड! ह्या एकाच नाण्याची कड मी कधी बघितली नव्हती.

"आप्पांना कुणीतरी फसवलं, आत्ती!"

"त्यास्नी कोण फसवतंय? माझं मोडकं पैंजण वितळवून त्यांनीच ओतलंय, फाउंड्रीत. आपलंच तोंड कोरून. राजा व्हायची हौस!"

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू कवा इचारलंस?"

म्हणजे मी सासऱ्यांना तोंडावर खडूस म्हटलं होतं! आणि त्यांनी मला कुणाला विचारायचं तेही सांगून ठेवलं होतं.

विचारलंच मग. "आत्ती, आप्पा खडूस होते?"

आत्तींनी पदरानं टाक पुसला. नाकाशी अडकलेला चिंचेचा धागा नखानं काढला.

"लई," म्हणाल्या. आणि बराच वेळ आमच्याकडं पाठ करून बसल्या.