भास्कररावांची हजेरी

शिक्षण म्हणजे मुळात वेळेवर पोचणे होय. कोणी पोचायचे, हा तपशिलाचा भाग आहे.

धार जिल्ह्यात, तिरल्यापलीकडच्या एका खेड्यात (नाव सांगत नाही, उगाच चौकशी लागायची) आमचे भास्करराव एकुलते एक सरकारी मास्तर. त्यांच्या पणजोबांनी संस्थानच्या दफ्तरात जन्म काढला, पण खेड्यात कधी मुक्काम केला नाही. भास्कररावांनी घराण्याची रीत मोडली नाही. ते धारहून रोज 'अप-डाउन' करत. बस साडेअकराला पोचे, म्हणून शाळा साडेअकराला भरे. बस तीनला परते, म्हणून विद्या तीनला संपे. तपासणीचे साहेबही त्याच बसने येत. त्यामुळे शाळा बंद असल्याचे कधी कोणाला आढळले नाही.

मग मोबाइलवरची हजेरी आली. दहाच्या आत, शाळेतून, चेहरा दाखवून. भास्कररावांनी एक जुना मोबाइल आणि आपला फ्रेम केलेला फोटो शाळेत ठेवला. मुलांची खिचडी रांधणारी गेंदाबाई रोज दहाला मोबाइल फोटोसमोर धरी. चेहरा हलत नाही, अशी हरकत मोबाइलने कधी घेतली नाही. (मास्तर वर्गातही फारसे हलत नसत.)

गुरुपौर्णिमेला गेंदाबाईने भक्तिभावाने फोटोला हार घातला, उदबत्ती लावली. नेमके त्याच दिवशी नवे साहेब जीप घेऊन दहालाच टपकले. हार पाहून त्यांनी बूट काढले, जिल्ह्याच्या ग्रुपवर शोकसंदेश टाकला आणि गावकऱ्यांना बोलावणे धाडले. माणसे जमेपर्यंत साडेअकरा झाले. भास्करराव बसमधून उतरले तेव्हा मौन चालू होते. शिस्तीचा माणूस, तेही मान खाली घालून उभे राहिले.

मौन संपल्यावर ते हळूच म्हणाले, "सर, मैं तो जिंदा हूँ."

"फिर दस बजे कहाँ थे?"

साहेबांचा मुद्दा बिनतोड होता. जिवंत असतील तर दहाला गैरहजर, म्हणजे निलंबन. मेले असतील तर निष्कलंक सेवा, आणि चिरंजीव अर्पितला अनुकंपा नोकरी. शिवाय जिल्ह्यात शोकाची सुट्टी सुटली होती, आणि सुटलेली सुट्टी कोणत्याही सरकारला परत धरता आलेली नाही. भास्कररावांनी घराण्याचा विचार करून मेलेले राहणे पत्करले.

गेंदाबाई मात्र अडाणी. तिची नात रामली तिसरीत, आणि तिला भागाकार शिकायचा होता. ती म्हणाली, "साब, वो सब ठीक. पण छोरा-छोरी ने भणावेगो कुण?"

मुलांना शिकवणार कोण, याचा रकानाच मोबाइलमध्ये नाही, असे साहेबांनी तिला समजावून सांगितले.

तेराव्याला आम्ही सगळे समाजबांधव धारला जेवलो. भास्कररावांनी स्वतः पंगतीत फिरून, "घ्या भिया, माझी शपथ," असा आग्रह करत बासुंदी वाढली. आता अर्पित अप-डाउन करतो. शाळेत दोन फोटो आहेत. हार कोणत्या फोटोला घालायचा, याची गेंदाबाईला सक्त ताकीद आहे. रामली चौथीत गेली. भागाकार मागेच राहिला.

मला त्या पोरीचे खरेच वाईट वाटते. पंगतीत बासुंदीचा घोट घशात अडकला होता. दुसऱ्या वाटीला उतरला. हे वाचून आपल्यालाही हळहळ वाटली असेल, तर आपली हजेरी लागली असे समजावे. प्रत्यक्ष येण्याची गरज नाही.