आण्णांचा तलाठी

आमच्या कोल्डस्टोरेजमध्ये एक तलाठी होता. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, पोटात बॅटरी घातलेला. श्रीखंडाची गाडी नागपूरला निघाली की हा आत बसायचा आणि गाडीतलं तापमान टिपून ठेवायचा. बरोबर आलेल्या पुस्तकात त्याचं नाव डेटा लॉगर होतं. पण इरगोंडा आण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला उलटसुलट करून बघितलं आणि जाहीर केलं, "ह्यो तर आपला तलाठीच की! सगळ्याची नोंद ठेवतोय, पर तोंडानं काय बोलत न्हाय." झालं. मालकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्याला तलाठी म्हणायला लागले. आण्णा तर त्याला अहो-जाहो करायचे. "तलाठीसायब बसलं काय?" असं ओरडून विचारल्याशिवाय गाडीचं दार लागत नसे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. गडमुडशिंगीच्या बाजूला आमचं कोल्डस्टोरेज होतं आणि मी तिथं सुपरवायझर, म्हणजे मालकाच्या शिव्या खाली आणि खालच्यांच्या वर पोचवणारा माणूस. आण्णा माझ्या हाताखाली होते, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ते कुणाच्याच हाताखाली नव्हते. कर्नाटकाच्या हद्दीकडचं गाव, धिप्पाड देह, कपाळाला विभूती, आणि आवाज असा की फ्रीजरच्या आतून बोलले तरी रस्त्यावर ऐकू यावं. एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की खेकसायचे, "एकदा सांगितलं न्हवं? कान काय घरात ठेवून आलासा?"

तलाठ्याला गाडीत बसवण्याआधी कॉम्प्युटरला जोडून तीन गोष्टी सांगाव्या लागायच्या. सुरू कधी व्हायचं, किती मिनिटांनी नोंद घ्यायची, आणि पोट भरलं, म्हणजे नोंदींची जागा संपली, की काय करायचं. बस, एवढंच. हे काम आण्णा करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पण एवढ्याशा कामानं माझे निम्मे केस गेले.

सुरुवातीचंच घ्या. बटण दाबलं की लगेच सुरू हो असंही सांगता यायचं, किंवा अमक्या वेळी आपोआप सुरू हो असंही. आण्णांना ही दुसरी सोय फार आवडली, कारण ती राहुकाळ चुकवायला उपयोगी पडत होती. एका सोमवारी गाडी सकाळी निघाली, पण तलाठीसाहेब राहुकाळ टळेपर्यंत गप्प बसून राहिले. मिरज ओलांडल्यावर त्यांनी लिहायला घेतलं. मी कपाळाला हात लावला. "आण्णा, गाडी राहुकाळातच निघाली की!" तर म्हणतात, "गाडी ड्रायव्हरची. तिचं त्यो बघंल. नोंद माझी हाय."

पण खरा ताप पुढचा होता. आण्णा दर मिनिटाला नोंद घ्यायला लावायचे. एकही मिनिट सुटता कामा नये. साहजिकच तलाठ्याचं पोट वाटेतच भरायचं. भरल्यावर काय करायचं याचे दोन पर्याय होते: जुनं पुसून त्यावर नवं लिहायचं, नाहीतर सरळ थांबायचं. आण्णा कायम 'थांब' लावायचे. गाडी लातूरच्या पुढं गेली की तलाठी गप. नागपूरचा व्यापारी माल उतरवताना नोंद बघायचा, तर शेवटचा सगळा प्रवास कोरा. मग तो मालकाला फोन करायचा, मालक मला बोलवायचे आणि मी आण्णांना. महिनोन् महिने हेच चाललेलं. कंटाळा आला होता हो, जीव नकोसा झाला होता.

"आण्णा, एक तर नोंद दहा मिनिटांवर आणा, नाहीतर जुन्यावर लिहायचं लावा. दोन्हीतलं काहीही करा, पण करा," मी हात जोडून सांगायचो.

"आनी मधल्या नऊ मिनिटांत श्रीखंड तापलं तर?"

"बरं, मग जुन्यावर लिहू दे."

"सुर्वे, जुनं पुसून नवं लिवणारा तलाठी कुठं जातोय ठावं हाय? तुरुंगात! खाडाखोड चालायची न्हाय." विषय संपला. आण्णा तंबाखू मळायला मोकळे.

शेवटी नागपूरवाल्यानं दम भरला. नोंद शेवटपर्यंत नसेल तर पुढची गाडी परत पाठवणार. मालकांनी मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "आणखी एक गाडी अशी गेली, तर आण्णांना घरी बसवायचं. निरोप तुम्हीच द्या." म्हातारपणी माणसाची नोकरी घालवायची आणि तीही माझ्या तोंडून! नेमकी त्या दिवशी आण्णांची रजा होती. दुसऱ्या दिवशी गाडी होती, म्हणून कामावरून सुटल्यावर तसाच त्यांच्या घरी गेलो.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. दारात त्यांची बायको बसली होती, गौराक्का. गोऱ्यापान, केस नीट विंचरलेले. "बर्री, बर्री. या पावणं. कुठनं आलासा?" मी सांगितलं, कोल्डस्टोरेजमधनं. आण्णांनी स्वतः चहा करून आणला. पहिला घोट घेतोय तोवर गौराक्का म्हणाल्या, "पावणं, कुठनं आलासा?"

मी आण्णांकडं बघितलं. आता खेकसणार, असं वाटलं. आण्णा त्यांच्याजवळ बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोल्डस्टोरेजमधनं आल्यात. सुर्वे. आमचं सायब." थोड्या वेळानं गौराक्कांनी पुन्हा विचारलं, आण्णांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या खेपेला वर जोडलं, "लई चांगला माणूस हाय." आवाजात वैताग म्हणून नव्हता.

मग गौराक्कांनी आण्णांनाच न्याहाळलं. "आनी तुम्ही कोण?"

"मी इरगोंडा."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्ये तर आमच्या मालकांचं नाव. पर त्येंची मिशी काळी कुळकुळीत हाय." एवढं बोलून त्या आत गेल्या.

आण्णा पांढऱ्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रंगवत हुतो. त्वांडभर पुरळ उठलं, म्हणून सोडलं."

"लई वरसं झाली," ते सांगायला लागले. "नवं काय टिकतच न्हाय. हिचं भरलं आनी थांबलं. पर जुनं समदं हाय बगा. आमचं लगीन, चिकोडीचा बाजार, लेकीचं बारसं. त्या जुन्यात मी हाय. डाक्टर म्हणतोय, हळूहळू त्ये बी पुसत जाणार." मग म्हणाले, "आनी तुम्ही मला रोज सांगतासा, आण्णा, जुनं पुसायचं लावा. माझा हात जात न्हाय वो."

मला फार वाईट वाटलं. निरोप गिळून उठावं असं मनात आलं. पण आण्णाच म्हणाले, "मालकानं काय सांगून धाडलंय?" मग सांगावंच लागलं.

त्यांनी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. "शेजारची बाई दिवसा हिच्यापाशी बसती, म्हणून मी कामावर येतोय. घरी बसून काय करू, सुर्वे? दिवसभर ही मला विचारणार, तुम्ही कोण. तिथं निदान चार माणसं आण्णा म्हणून हाक मारत्यात." मग मान खाली घालून म्हणाले, "उद्या लावतो. पुसायचंच लावतो."

सकाळी गाडी भरून उभी होती. आण्णांनी तलाठी कॉम्प्युटरला जोडला आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. माऊसचा बाण पुसायच्या पर्यायावर नेऊन ठेवलेला, बोट काही हलेना. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.

मी शेजारी स्टूल ओढलं. "आण्णा, पुसायचं राहू दे. थांबायचंच ठेवा. फक्त मिनिटाच्या जागी दहा घाला. नागपूरपर्यंत पुरेल आणि एक अक्षर पुसलं जाणार नाही."

"मधली नऊ मिनिटं?"

"ती सोडायची."

आण्णांनी बाण पुसायच्या पर्यायावरून बाजूला घेतला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात माझ्याशी बोलले.

"घरी बी तसंच चाललंय. मधनंच एखादं मिनिट ती मला वळखती. 'आलासा व्हय?' म्हणती. बाकीची मिनिटं जात्यात." त्यांनी जाड बोटानं एक पुसला आणि दहा घातले. "त्येवढ्या मिनिटावर माझं घर चाललंय, सुर्वे. गाडी बी जाईल की."