सात डोंगरांपलीकडची विभागीय परीक्षा

बुद्धभूषण पगारेने कादंबरीला परीक्षेच्या गाइडचं कव्हर घातलं, ते ऑफिसमधल्या सहादूमुळे.

बुद्धभूषण एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होता. वय सत्तेचाळीस, मिशी भरघोस, आणि वाचायचा काय, तर उडते घोडे, शापित राजवाडे, बोलणारी जंगलं. जुन्या परीकथा नव्याने सांगणाऱ्या जाडजूड कादंबऱ्यांवर तर त्याचा विशेष जीव. एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या सहादूने त्याच्या हातातलं पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर पंख पसरलेला ड्रॅगन होता.

"पगारे, तुम्ही लहान पोरांची पुस्तकं वाचता का ओ?"

त्या दिवसापासून साहेबांसकट सगळा विभाग त्याला राजकुमार म्हणू लागला. "राजकुमार, ती आवक-जावकची फाइल द्या." हसण्याचं बुद्धभूषणला एवढं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की पुस्तकात काय आहे ते सहादूने विचारलंच नाही.

कारण बुद्धभूषणकडे मतं होती. तीस वर्षं साठलेली. ज्या कादंबरीच्या सुरुवातीला नकाशा नाही, ती त्याला बिनपत्त्याच्या पाकिटासारखी वाटे. दहा हजारांचं सैन्य सात डोंगर ओलांडून जातं, पण त्या दहा हजारांच्या कांदा-भाकरीचा बंदोबस्त कोणी केला हे एकही लेखक लिहीत नाही, यावर त्याचा राग होता. हल्लीच्या कादंबऱ्यांत चेटकिणीला लहानपणी कोणीतरी दुखावलेलं असतं आणि शेवटी ती रडते, हेही त्याला पटत नसे. चेटकिणीने चेटकिणीसारखं वागावं. आणखीही एक मत होतं, पण त्याबद्दल तो स्वतःशीसुद्धा फार बोलत नसे.

हे सगळं सांगायचं कोणाला? बायकोला, अंजलीला सांगायला गेलं की ती "हं" म्हणे, आणि त्या "हं"मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत असे. एकदा पंचवटीत रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंच्या हातात तो वाचत होता त्याच कादंबरीचा दुसरा भाग दिसला होता. काय बोलावं हे ठरेपर्यंत त्या भाजीबाजारापाशी उतरून गेल्या. त्याला चार वर्षं झाली. अजूनही त्या कोपऱ्यावर आलं की बुद्धभूषणच्या स्कूटरचा वेग आपोआप कमी व्हायचा.

तर कव्हर घातलं. 'विभागीय परीक्षा : संपूर्ण मार्गदर्शक'. चार दिवस बरे गेले. पाचव्या संध्याकाळी अंजली खोलीत आली आणि दारातच थबकली.

"अहो! तुम्ही परीक्षा देताय?"

सैन्य तेव्हा चौथ्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. बुद्धभूषण म्हणाला, "अं?"

"कळलं, कळलं. निकाल लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असंच ना?" तिने जाऊन टीव्ही बंद केला. एकोणीस वर्षांच्या संसारात मालिका चालू असताना टीव्ही बंद झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. तिच्या डोळ्यांत एवढं कौतुक त्याने लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलं नव्हतं. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, तर तिने त्यात भिजवलेला बदाम घातला.

अंजलीने कोणालाच सांगितलं नाही. फक्त नामपूरला आईला फोन केला, आणि घरात सासूबाईंना, भिमाबाईंना सांगितलं. भिमाबाईंनीही कोणालाच सांगितलं नाही. फक्त ओट्यासमोरून जे गेले त्यांना सांगितलं. शनिवारपर्यंत सगळी कॉलनी हळू बोलू लागली. पोरांचं क्रिकेट मागच्या मैदानात गेलं. शेजारच्या कमळाबाई मिक्सर लावण्याआधी भिंतीवरून विचारू लागल्या, "भूषणभाऊचा धडा झाला का?" या शांततेत बुद्धभूषणने तीन जाड भाग वाचून संपवले. इतकं सुख त्याला कधीच मिळालं नव्हतं, आणि इतकं अपराधीही कधी वाटलं नव्हतं.

मग समाधान आला. कॉलनीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती, तिचा तो सचिव.

"जयभीम, पगारे साहेब. रविवारी सकाळी आमच्या पोरांना अर्धा तास द्या. विषय आहे, 'सत्तेचाळिसाव्या वर्षी अभ्यास कसा करावा'."

"अरे समाधान, नको रे. मी काय बोलणार?"

"आता नाही म्हणू नका. बॅनर छापून आलाय."

"बॅनर?"

"फोटो वहिनींनी पाठवला."

रविवारी अभ्यासिकेत साठेक मुलं-मुली वह्या उघडून बसली होती. पुढच्या खुर्चीवर भिमाबाई, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. शेजारी अंजली. गाइड हातात घेऊनच जा, असं तिने बजावलं होतं. त्यामुळे सात डोंगर, दलदल आणि ड्रॅगन बुद्धभूषणच्या काखेत होते.

पहिली दहा मिनिटं तो सुरेख बोलला. "रोज ठरलेल्या वेळी बसा. पुढच्या पानावर काय असेल, याची ओढ लागली पाहिजे. मी तर जेवताना हात थांबवतो, पण पान उलटायचं थांबवत नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलं भराभर लिहून घेत होती. भिमाबाई अभिमानाने मागे वळून कॉलनीतल्या कुसाबाईंकडे बघत होत्या.

तेवढ्यात साक्षी नावाच्या मुलीने हात वर केला. ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसत होती आणि पहिल्या बाकावर बसून सगळं बारकाईनं ऐकत होती. "सर, हे गाइड कुठेच मिळत नाहीये. एक मिनिट बघू?"

'नको' म्हणायच्या आत पुस्तक तिच्या हातात होतं. तिने उघडलं. बराच वेळ बघितलं.

"सर, हा नकाशा कुठल्या जिल्ह्याचा आहे?"

बुद्धभूषणने पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला.

"याच्यात 'हरवलेल्या आत्म्यांची दलदल' लिहिलंय."

"इगतपुरीकडं असेल, तिथं पाऊस लय," मागून कोणीतरी म्हणालं. अंजलीने पदर तोंडाला लावला. समाधान बॅनरकडे बघू लागला.

चुकून दुसरंच पुस्तक आलं, असं सांगता आलं असतं. ते वाक्य बुद्धभूषणच्या जिभेवर आलंही होतं. पण साक्षीने विचारलं, "पण सर, आहे काय हे नेमकं?"

तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं.

बुद्धभूषण बोलू लागला. आधी खरं सांगून माफी मागितली. "परीक्षाबिरीक्षा काही नाही, मी गोष्टी वाचत होतो." मग गोष्टींवर आला, आणि त्याला थांबता येईना. नकाशे झाले. सैन्याची शिदोरी झाली. रडणाऱ्या चेटकिणींचा समाचार झाला. समाधानने दोनदा घड्याळ दाखवलं, ते त्याला दिसलंच नाही. मुलांनी पेनं खाली ठेवली होती, पण उठून कोणी गेलं नव्हतं.

"आणि सावत्र आई!" त्याचा आवाज चढला. "जुनी गोष्ट घ्या, नव्याने लिहिलेली घ्या, सावत्र आई म्हटली की दुष्टच. हे लेखक आकाशात तीन-तीन चंद्र काढतात, मेलेली माणसं उठवतात, पण एक चांगली सावत्र आई त्यांना सुचत नाही! मी तीस वर्षं शोधतोय. पुस्तकात सापडली नाही. आमच्या घरात आहे. ही काय, समोर बसलीय. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला हिनेच वाढवलं."

बोलून झाल्यावर त्याने भिमाबाईंकडे पाहिलं.

बुद्धभूषणच्या वडिलांबरोबर भिमाबाई या कॉलनीत राहायला आल्या, तेव्हा हा त्यांच्या कडेवर होता. हे मूल तुमचंच का, असं विचारायची वेळ त्यांनी कोणावर येऊ दिली नव्हती. अंजलीला ठाऊक होतं, पण घरात तो शब्द कधी निघाला नव्हता. आता साठ मुलं आणि कुसाबाई, सगळी भिमाबाईंकडे बघत होती. भिमाबाईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला, उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

घरी अंजली फक्त एवढंच म्हणाली, "नामपूरला मी काय सांगू? आईने तिकडे गल्लीभर पेढे वाटायचं कबूल केलंय." बदाम बंद झाले. टीव्ही सुरू झाला, नेहमीपेक्षा मोठ्याने. ते सगळं बुद्धभूषणला सोसलं. भिमाबाईंचा अबोला सोसेना. तीन दिवस त्या ताट वाढून समोर ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बुद्धभूषण जाऊन पायरीवर बसला.

"आई, मी चांगलंच बोललो गं."

"चांगलं बोलायला बी त्येच नाव घ्यावं लागलं ना तुला?" त्या सुपातून नजर न उचलता म्हणाल्या. "इतकी वरसं मी कुनाला कळू दिलं नाय. आन् तू माईकवर."

तो उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ती कोन हाय, तुझ्या पुस्तकातली? वाच. आयकू दे काय काय करती ती."

बुद्धभूषणने पुस्तक आणलं. राखेत झोपणाऱ्या मुलीची जुनीच गोष्ट, नव्याने लिहिलेली. सावत्र आईचं वाईट वागणं आलं की तो हळूच दोन परिच्छेद गाळायचा.

"पान लय बिगी उलाटलं. नीट वाच."

त्याने नीट वाचलं. भांडी, झाडलोट, जुनेरं, उष्टं. भिमाबाई हुंकार देत ऐकत होत्या.

"नवरा मेलेला, पदरात तीन पोरी," त्या अखेर म्हणाल्या. "काम नाय सांगनार तर काय करनार ती बाई? मला तर तिचं काय चुकल्यालं दिसत नाय."

आयुष्यभर सावत्र आयांची बाजू घेणारा बुद्धभूषण चमकला. "असं कसं आई? पोरीला राखेत झोपवते ती! चुलीपाशी!"

"मंग? थंडीचं पोर चुलीपाशीच निजवत्यात. ऊब ऱ्हाती. तुला कुठं निजवायची मी? खोकला जाईस्तोर दोन हिवाळं तिथंच होता तू. सकाळी उठायचा तवा नाकावं राख."

पुस्तकातली ओळ बोटाखाली तशीच राहिली. भिमाबाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"वाच ना म्होरं."

त्याने पुढे वाचलं. परी आली, भोपळ्याचा रथ झाला, जुनेऱ्यांचा रेशमी झगा झाला. भिमाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"थांब. ही परी हाय ना, येवढी मोठी मायाळू? मंग इतकी वरसं कुठं गेलती? पोरगी उपाशी हुती तवा नाय आली. नाचायचं म्हनल्यावर आली व्हय पळत?"

बुद्धभूषणने पुस्तक मिटलं आणि दोन पायऱ्या वर सरकून त्यांच्या शेजारी बसला. नेमक्या याच मुद्द्यावर त्याला कितीतरी वर्षं कोणाशी तरी बोलायचं होतं.