चारशे मीटर, व्हाया मुंबई

कोणतीही विद्या शिकण्यापूर्वी आपण ती शिकायला लायक आहोत की नाही हे सिद्ध करावे लागते, हे तत्त्व प्रगत राष्ट्रांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. मागासलेल्या देशांत माणूस थेट पाण्यात उडी मारतो आणि पोहतो किंवा बुडतो. जर्मनीत तो आधी 'पाणी : स्वरूप व व्याप्ती' हा दोन सत्रांचा अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि कोरड्या अंगाने प्रमाणपत्र घेऊन बाहेर येतो. त्यामुळे तेथे बुडण्याचे प्रमाण नगण्य आहे. (पोहणाऱ्यांचे आकडे उपलब्ध नाहीत.)

मिरजेच्या ईप्सिता सबनीसला एक्स-रे काढायला शिकायचे होते. एवढेच. बारा वर्षांची असताना ती सायकलवरून पडली आणि मनगट मोडले. तेव्हा एक्स-रेच्या खोलीतल्या माणसाने फिल्म दिव्यासमोर धरून तिला तिचे स्वतःचे हाड दाखवले. बाहेर आई, नंदिनीबाई, पदराने डोळे पुसत होत्या आणि आत ही विचारत होती, "काका, आता दुसऱ्या हाताचा काढता?" त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरे काही शिरले नाही. बारावीला ऐंशी टक्के मिळाल्यावरही ती तेच म्हणाली, तेव्हा मात्र प्रकरण गंभीर असल्याचे ओळखून घरच्यांनी हॅम्बर्गला भास्करमामांना फोन लावला.

भास्करमामा हे अतिशय जबाबदार गृहस्थ. गेली तेरा वर्षे ते हॅम्बर्गला विमाने बनवत होते. (काटेकोरपणे सांगायचे तर विमानातल्या स्वयंपाकघराची भट्टी ज्या धातूच्या चौकटीत बसते, तिच्या डाव्या बाजूचे आरेखन त्यांच्याकडे होते. पण मिरजेत इतके काटेकोरपणे कोणी विचारत नाही.) भाचीची इच्छा ऐकून ते म्हणाले, "करायचंच असेल तर जर्मनीत कर. आणि युनिव्हर्सिटीतूनच कर." जर्मनीच्या विद्यापीठात एक्स-रे काढायला शिकवतात का, याची त्यांनी चौकशी केली नाही. चौकशी करणे म्हणजे शंका घेणे, आणि मामांचा विद्यापीठांवर पूर्ण विश्वास होता. व्हिसाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरून कुरिअरने पाठवला. 'वास्तव्याचा उद्देश' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात 'उच्चशिक्षण' असे लिहिले होते.

आता, भारतातली बारावी जर्मन विद्यापीठाला पुरत नाही. आपली मुले बारा वर्षे शिकतात, त्यांची तेरा. मधले एक वर्ष कुठे गळून पडते हे कोणालाच ठाऊक नाही. ते शोधून देण्यासाठी 'श्टुडिएनकोलेग' नावाची पायाभूत वर्षाची संस्था असते. तिथे शिरण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ती पास झालात की वर्षभर दुसऱ्या परीक्षेची तयारी करून घेतात. ती पास झालात की तुम्ही विद्यापीठाकडे अर्ज करायला पात्र आहात असे निश्चित होते. अर्ज मंजूर होईल असे नाही. पण तो नामंजूर करताना तुमच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलले जाते.

ईप्सिता २००६च्या ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला पोचली. पहिल्याच संध्याकाळी जेवताना मामांनी पुढच्या वर्षाचा सगळा नकाशा ताटाशेजारी मांडला. त्यांची मुलगी इरा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या शाळेत नुकताच व्यवसाय-मार्गदर्शनाचा दिवस झाला होता. वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "दाफ्यूर राइश्ट दोख रेआलशूले." म्हणजे, त्याला तर दहावी पुरते.

"मराठीत बोल," मामा म्हणाले.

इराला ते मराठीत नीट सांगता येईना, म्हणून तिने लोणचे मागितले. अशा रीतीने घरातल्या एकमेव जाणकार व्यक्तीचे मत विचारात घेऊन बाजूला ठेवण्यात आले.

पायाभूत वर्ष छान गेले. ईप्सिताच्या वर्गात अकरा देशांचे एकोणीस विद्यार्थी होते. पैकी सतरा जणांना डॉक्टर व्हायचे होते, एकाला दातांचा डॉक्टर आणि एकीला एक्स-रे काढायचे होते. ती खरा बेत लपवते आहे, असे सतरापैकी सोळा जणांचे मत पडले. (सतरावा त्या दिवशी गैरहजर होता.) रसायनशास्त्रात तिने मिरजेला केले होते तेच प्रयोग केले, बदल इतकाच की परीक्षानळी फुटली तर जर्मनमध्ये माफी मागायची. भौतिकशास्त्रात क्ष-किरणांचा धडा होता. तो वर्षभर 'पुढच्या आठवड्यात' होता आणि अखेर वेळेअभावी गाळला गेला.

जूनमध्ये निकाल लागला. ईप्सिताला एक पूर्णांक सात मिळाले. मामांनी आनंदाच्या भरात त्रेचाळीस नातेवाइकांना ईमेल केली. तिकडे गुण जितके कमी तितके चांगले असतात, हे लिहायचे राहून गेले; खुलासा जाईपर्यंत दोन काकूंनी सांत्वनाचे फोन केले आणि एका काकांनी, पोरीला परत बोलावून घ्या, आमच्या ओळखीने डीएडला लावू, असे कळवले.

प्रमाणपत्र घेऊन ईप्सिता विद्यापीठाच्या सल्लागाराकडे गेली. सल्लागाराने ते वाचले, तिचे मनापासून अभिनंदन केले आणि काय शिकायचे आहे ते विचारले. तिने सांगितले. सल्लागार म्हणाला, "ते इथे शिकवत नाहीत."

"मग कुठे?"

त्याने खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर बोट दाखवले. पावसात भिजलेली लाल विटांची एक इमारत होती. रुग्णालयाची शाळा. चालत चारशे मीटर.

ईप्सिता छत्री न उघडताच तिकडे गेली. मुख्याध्यापिका पेटरसनबाईंनी तिचे एकेक कागद पाहिले. दहावीचे गुणपत्रक : ठीक. जर्मन भाषेचा दाखला : ठीक. डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला : आणून द्या. प्रत्येक कागदाला भोके पाडून त्यांनी तो फाइलीत लावला. पायाभूत वर्षाचे प्रमाणपत्र हातात आले तेव्हा त्या थांबल्या.

"हे कशासाठी?"

"पात्रतेसाठी," ईप्सिता म्हणाली.

"छान आहे," पेटरसनबाई म्हणाल्या आणि भोके न पाडता त्यांनी ते परत दिले. एक मुलगी गळाल्यामुळे चोवीस जागांपैकी एक रिकामी होती. ती जागा पहिल्या ऑक्टोबरला सकाळी आठपर्यंत ईप्सितासाठी राखून ठेवायला त्या तयार झाल्या. आठ वाजून एक मिनिटाने ती प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराची झाली असती.

आता फक्त परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन तसे कळवायचे होते. तिथले बेरेन्ससाहेब मुळीच दुष्ट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितले, पाणी दिले आणि तिचा जुना अर्ज काढला.

"तुमच्या वास्तव्याचा उद्देश उच्चशिक्षण आहे. ही शाळा व्यवसाय-शिक्षणात मोडते. देशात राहून उद्देश बदलता येत नाही."

"पण मला पहिल्यापासून हेच शिकायचं होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बेरेन्स म्हणाले. "तर पहिल्यापासून हेच लिहायला हवं होतं. तेव्हा दिलं असतं." त्यांनी अर्ज तिच्याकडे वळवला. मामांचे अक्षर खरोखरच सुरेख होते.

उपाय होता. तिने देश सोडायचा, मुंबईच्या जर्मन वकिलातीत नव्या उद्देशाचा नवा अर्ज करायचा आणि मंजुरी मिळाली की परत यायचे. मंजुरीचा कागद मुंबईहून हॅम्बर्गला, याच टेबलावर, बेरेन्ससाहेबांकडेच सहीला येणार होता. "मग आत्ताच सही करा ना," असे ईप्सिता म्हणाली, त्यावर बेरेन्सना मनापासून वाईट वाटले. अर्ज अजून आलाच नव्हता, तर सही कशावर करणार? थोडक्यात, विद्यापीठापासून शाळेपर्यंत रस्ता ओलांडून चारशे मीटर. नियमाने, व्हाया मुंबई, जाऊन-येऊन तेरा हजार किलोमीटर. लागणारा वेळ : सहा ते बारा आठवडे. हातात होते दहा.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "अगं, मग जायचंच कशाला? युनिव्हर्सिटीच्या दारात उभी आहेस. बायोलॉजी घे. आल्झो, म्हणजे, पुढे बघू."

"मामा, मला एक्स-रे काढायचेत."

"पण शाळेत? बारावीनंतर पोरगी परत शाळेत घातली म्हणून लोकांना सांगू?"

ईप्सिता एरवी उलट बोलणारी मुलगी नव्हती. पण वर्ष फुकट गेले होते, जागा जाणार होती, आणि तिला रडू येत होते, त्याचाही राग येत होता. "लोकांना सांगण्यासाठी मी आलेच नव्हते, मामा," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या फॉर्मवर तुमची इच्छा लिहिलीत."

स्वयंपाकघरात प्रभामामी कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, विमानाच्या भट्टीची डावी चौकट लोकांना सांगितलीत का कधी? इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नाही. हिचं तिकीट काढा."

मामांनी तिकीट काढले. विमानतळावर त्यांनी तिची बॅग शेवटपर्यंत हातातून सोडली नाही आणि "चुकलं माझं" असे दोनदा म्हणाले. घरी येऊन त्यांनी त्रेचाळीस जणांना ईमेल केली की, ईप्सिता सुट्टीसाठी मायदेशी येत असून ऑक्टोबरपासून हॅम्बर्ग येथे रेडिऑलॉजीत रुजू होत आहे. (माणसाला वाईट वाटणे आणि माणूस सुधारणे या दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत आणि त्यांची खातीही वेगळी आहेत.)

मिरजेत ईप्सिता पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला एक्स-रे आला. तो श्यामकांतकाकांच्या मणक्याचा होता. "नुसती नजर टाक," काका म्हणाले. ती म्हणाली, "काका, मी डॉक्टर नाही. होणारही नाही. मी फक्त फोटो काढायला शिकणार आहे. तेही अजून शिकले नाही." काका बाहेर येऊन नंदिनीबाईंना म्हणाले, "परदेशात राहून आली, पण पोरगी किती साधी राहिली हो!" ही कीर्ती पसरल्यावर रांग लागली. ईप्सिता जितक्या स्पष्टपणे नाही म्हणे तितका तिच्यावरचा विश्वास वाढे. मिरजेत दर चार घरांमागे एक डॉक्टर असूनही (हा अंदाज आहे, पण मिरजकरांना तो कमीच वाटेल) लोकांना आपली छाती हॅम्बर्गला दाखवायची होती.

ती मात्र रोज वकिलातीच्या पत्राची वाट पाहत होती. आठवा आठवडा गेला, नववा गेला. सव्वीस सप्टेंबरला, ती उंबऱ्यात बसलेली असताना, पोस्टमनने पाकीट दिले. आत मंजुरीची प्रत होती. खाली सही बेरेन्ससाहेबांचीच होती. शेजारी, नियमात बसत नसताना, पेनाने बारीक अक्षरात 'शुभेच्छा' लिहिले होते. ईप्सिता तो कागद छातीशी धरून मोठ्याने रडली. आईने विचारले, "नाही म्हणाले का गं?" तेव्हा तिला हसू फुटले.

पहिल्या ऑक्टोबरला सकाळी पावणेआठला ती लाल विटांच्या इमारतीत हजर होती. पहिल्या दिवशी हात कसे धुवायचे ते शिकवले. दुसऱ्या दिवशी रुग्णाला नाव आणि जन्मतारीख कशी विचारायची ते शिकवले. ईप्सिताला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. मामा संध्याकाळी हात कसे धुवायचे ते तिच्याकडून शिकले आणि कोणाला ईमेल केली नाही.

बॅग रिकामी करताना तळाशी मिरजकरांच्या एक्स-रेंची सदतीस पिवळी पाकिटे निघाली. आईने भिडेखातर घेतली होती आणि तिच्या साड्यांखाली ठेवून दिली होती. सहा महिने ती पलंगाखाली पडून राहिली. मार्चमध्ये, अभ्यास थोडा अंगात मुरल्यावर, एका रविवारी ईप्सिताने ती काढली आणि एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. रोग सांगायचा तिला अधिकार नाही, त्यामुळे त्याबद्दल ती काही बोलली नाही. पण फोटो कसा निघाला आहे ते सांगणे हा आता तिचा विषय आहे.

एकविसावे पाकीट तुमचे आहे. छातीचा फोटो, मागे पेन्सिलीने 'घाई नाही, सवडीने' असे लिहिलेले. तो पुसट आला आहे, पुन्हा काढावा लागेल. आतल्या माणसाने श्वास रोखून स्थिर उभे राहायला सांगितले, त्याच क्षणी तुम्ही त्याला सांगत होतात की आमच्या नात्यातली एक मुलगी जर्मनीत मोठी डॉक्टर आहे.